रकाना रिकामा सोडू नये

आमच्या अण्णांना पडक्या घरांचं काही विशेष प्रेम नव्हतं. त्यांना राग होता तो बेवारशी गोष्टींचा. ते ग्रंथपाल. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नाव गायब झालेलं पुस्तक हाती आलं, की त्याचा छडा लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही. म्हणून चंदीगडच्या एकोणचाळीस सेक्टरात, त्यांच्या नव्या संशोधन संस्थेच्या कुंपणामागे, जिथे अजून नुसतं उंच गवत आणि टिटव्या होत्या, तिथे त्यांना एका घराचं जोतं, बुजत आलेली विहीर आणि आंब्याची तीन म्हातारी झाडं दिसली, तेव्हा हे घर कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या मागे लागला आणि पुढे तो आम्हा सगळ्यांना पुरून उरला. एका रविवारी ते तिथली एक वीट ऑफिसच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. हाताच्या तळव्यात मावेल एवढी, चपटी, जुन्या काळची वीट होती ती. ओट्यावर ठेवली तेव्हा आई म्हणाली, "लोकांचे नवरे रविवारी भाजी आणतात." अण्णांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

आम्ही अडतीस सेक्टरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण राहायच्या, त्यांना सगळे बीजी म्हणत. साठीच्या आसपासच्या, उंच, पांढऱ्या दुपट्ट्यातल्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर धाकटा मुलगा हरपाल राहायचा, तो एका शाळेत गणित शिकवायचा. मी त्याला वीरजी म्हणायची, म्हणजे दादा. संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून तो मला भूमिती समजावून सांगायचा आणि माझं चुकलं की वर बघून आईला हाक मारायचा, "आंटीजी, इसकी शादी करा दो." आई वरून उत्तर द्यायची की आधी तुझी होऊ दे. दुसऱ्या कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलायचो. बाजारात भाव पटला नाही तर मराठीत, कंडक्टर उद्धट वाटला तर मराठीत. मराठी ही आमची तिथली कडीकुलपाची भाषा होती, आणि त्या कुलपावर आमचा जरा जास्तच विश्वास होता.

ती वीट घेऊन अण्णांनी मला खाली पिटाळलं. थंडीचे दिवस होते. बीजी उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी वीट हातात घेतली, दुपट्ट्यानं पुसली, कडेनं अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ए तां साडी कोठी दी इट्ट है." ही तर आमच्या कोठीची, म्हणजे बंगल्याची वीट. मटार तसेच राहिले. मी वर जाऊन सांगितलं तेव्हा अण्णा अर्धी दाढी झालेले, तसेच टॉवेल खांद्यावर टाकून खाली उतरले. आई म्हणाली, "गेले."

त्या कोठीला आसपासच्या गावांत अंबांवाली कोठी म्हणायचे. गाव राहिलं नव्हतं, कोठी राहिली नव्हती, नाव मात्र बीजींच्या आणि एका म्हाताऱ्या पटवाऱ्याच्या तोंडी राहिलं होतं. हे निवृत्त पटवारी, म्हणजे आपले तलाठी, त्यांना मुनशीजी म्हणत, दर रविवारी सायकलवरून कापडी पिशवीत जुन्या नोंदींच्या नकला घेऊन यायचे. त्या उर्दूत होत्या आणि त्या वळणदार अक्षराचा उलगडा करणारं त्यांच्याशिवाय जवळपास कुणी उरलं नव्हतं. अंगणात बाज टाकली जायची. बीजी सुंठ आणि बडीशेप घातलेला, दुधाचाच म्हणावा असा चहा करायच्या, स्टीलच्या उंच पेल्यात. सोबत जवसाच्या पिन्न्या. पिन्नी म्हणजे आपला लाडूच, पण असा की एक खाल्ला तर दुपारचं जेवण विसरावं. आई आपल्याकडून कांदेपोहे पाठवायची. मुनशीजींना ते फार आवडायचे, पण नाव लक्षात राहायचं नाही, ते 'पीले चावल' मागायचे. वर टाइपरायटर, खाली बीजींची शिलाईमशीन, मागच्या गल्लीत मोर, असे ते रविवार. सेक्टरच्या वळणावर वाळूची पोती रचून जवान उभे असायचे, अंधार पडायच्या आत सगळे घरी परतायचे, बातम्या लागल्या की बीजी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायच्या. पंजाबातल्या दहशतीच्या त्या वर्षांत हे सगळं होतंच. पण पंधराव्या वर्षी माणूस कशालाही सरावतो, आणि मी त्या पोत्यांसमोरून चालत शाळेत जायला शिकले होते.

कोठी बांधली ती कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या एका मीरसाहेबांनी. आंब्याची कलमं त्यांनी कुठून कुठून आणवली, विहीर खोदली, आणि फाळणीच्या वर्षी त्यांचं सगळं कुटुंब एका सकाळी दोन बैलगाड्यांत बसून निघून गेलं. मुनशीजी तेव्हा शिकाऊ होते. ते सांगायचे की गाड्या जुंपल्यावर मीरसाहेबांची बायको खाली उतरली, आत गेली, आणि सगळ्यांना वाटलं काही विसरली असेल. तिनं विहिरीवरून दोन घागरी काढून शेवटच्या लहान कलमाला पाणी घातलं आणि येऊन परत गाडीत बसली. त्यानंतर काही महिन्यांनी ती कोठी बीजींच्या सासऱ्यांना मिळाली. ते पलीकडून, आपलं घर तिकडे टाकून आले होते. बीजी तेव्हा सतरा वर्षांच्या, पोटुशी. स्वयंपाकघरात त्यांना पिठाचा डबा भरलेला सापडला, खुंटीवर कुणाचातरी हिरवा दुपट्टा, आणि कोपऱ्यात आंब्याच्या लोणच्याची चिनीमातीची बरणी, तोंडापर्यंत भरलेली. सासूनं सांगितलं, त्यांच्या हातचं आहे, खायचं नाही. टाकायचंही नाही, कारण अन्न आहे. बरणी तशीच राहिली. "मैं रोज़ दोपहर को चोरी से खाती थी," बीजी सांगायच्या, "एक फाँक. थोरला झाला तेव्हा अर्धी बरणी संपली होती. सास ने कभी कुछ नहीं बोला. जानती थी." पुढल्या वर्षी त्यांनी त्याच झाडांच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, तेव्हा त्यात त्या जुन्या बरणीतलं दोन पळ्या तेल घातलं. मग दर वर्षी आदल्या वर्षीचं दोन पळ्या तेल नव्यात. सरकारनं शहरासाठी जमीन घेतली, कोठी पाडली, तरी बीजी दर उन्हाळ्यात जाऊन त्या तीन झाडांच्या कैऱ्या आणायच्या आणि तेच तेल पुढे चालवायच्या. ते लोणचं आम्ही खाल्लंय. आईला मोहरीच्या तेलाचा वास सोसायचा नाही, तीही खायची.

आता त्या फॉर्मांबद्दल सांगायला हवं. आमच्या आडनावाचा कुलवृत्तांत तेव्हा पुण्यात तयार होत होता. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, एकाच कुळातली झाडून सगळी माणसं शोधून काढायची, प्रत्येकाचा छापील फॉर्म भरून घ्यायचा आणि त्याचा जाडजूड ग्रंथ करायचा, हा आपल्याकडचा एक मोठा उद्योग आहे. अण्णा उत्तर भारताचे प्रतिनिधी होते. अंबाला, दिल्ली, डेहराडून इथल्या सगळ्या आडनावबंधूंना फॉर्म पाठवून झाले तरी दोनशे फॉर्म उरले होते. नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, अपत्ये, सध्याचा पत्ता, विशेष माहिती, आणि शेवटी 'मृत्यू (असल्यास) दिनांक व स्थळ'. त्या 'असल्यास'ला मी फार हसायची. तळाला ठळक अक्षरात सूचना होती: कोणताही रकाना रिकामा सोडू नये. अण्णांनी ठरवलं, याच फॉर्मांवर कोठीचा वृत्तांत करायचा. मीरसाहेबांपासून हरपालपर्यंत त्या घरात जो जो राहिला त्याचा एक एक फॉर्म. कुळ रक्ताचंच का असावं, घराचं का नसावं, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "घरात राहणाऱ्यांची विचारपूस नाही आणि पडलेल्या घराची वंशावळ." पण तिलाही तो नाद आवडला होता. अण्णा बोलके झाले होते त्या थंडीत.

लेखनिक मी होते. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा भयंकर माज होता. बीजी सांगायच्या, मी मराठीत लिहायची, कारण फॉर्मच मराठी. सासरे, सासू, नवरा, कोठीतच लहानपणी ताप येऊन गेलेली एक मुलगी, कॅनडात असलेला थोरला. मुलीच्या फॉर्मवर 'शिक्षण' काय लिहायचं, विचारलं तेव्हा बीजी म्हणाल्या, ती पन्नासपर्यंत मोजायची. मी 'पन्नासपर्यंत अंक' असं लिहिलं. कुठलाही रकाना मी रिकामा सोडला नाही. अण्णा एकेक फॉर्म उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "वा, शैला. भरलेला दिसतोय." भरलेला आहे एवढंच ते बघायचे.

त्याच सुमाराला वीरजींना पोलिसांनी दोनदा नेलं. त्यांच्या कॉलेजातला कुणी एक मित्र घरातून नाहीसा झाला होता आणि तो कुठे आहे हे विचारायला साध्या कपड्यातली माणसं आली होती. पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी सोडलं. दुसऱ्यांदा चार दिवसांनी, आणि तेव्हा ते जिना चढू शकत नव्हते, आम्ही त्यांना भेटायला खाली गेलो. ते कशात होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की चार दिवसांनंतर त्यांनी मला कोनाचं दुभाजन शिकवायला घेतलं आणि कंपास त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यानंतर एका आठवड्यात ते गेले. बीजींनी सगळ्यांना सांगितलं, दिल्लीला नोकरी लागली. आम्हीही तेच धरून चाललो. आईनं तर त्यांच्यासाठी दिल्लीतल्या मावशीचा पत्ताही लिहून दिला, बीजींनी तो घेऊन दुपट्ट्याच्या टोकाला बांधला.

वीरजींचा फॉर्म शेवटी राहिला. एका दुपारी मी तो भरायला खाली गेले. जन्म, शिक्षण, व्यवसाय झाला. सध्याचा पत्ता विचारला तेव्हा बीजी म्हणाल्या, दिल्ली लिही. मी म्हटलं, नुसतं दिल्ली चालणार नाही, पूर्ण पत्ता लागतो. त्या म्हणाल्या, मग राहू दे, रिकामं ठेव. आणि मी, पंधरा वर्षांची, चांगल्या अक्षराची, त्यांना खालची सूचना वाचून दाखवली. हिंदीत भाषांतर करून. अण्णांना अर्धवट फॉर्म चालत नाही, असंही म्हणाले. मी ऐकेना, तेव्हा त्यांनी दाराकडे बघितलं, मला जवळ ओढलं आणि विचारलं, "ए तेरी बोली विच लिखदी है ना? पंजाबी च नहीं, अंग्रेज़ी च नहीं?" मी म्हटलं, मराठीतच, बीजी, इथे कोण वाचणार. मग त्यांनी कानात पत्ता सांगितला. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतलं एक गाव, त्यांच्या भावाचं शेत, आणि तिथे तो ज्या दुसऱ्या नावानं राहत होता ते नाव. "किसे नूं दस्सीं ना, शैली. अपने पापा नूं वी नहीं." कुणाला सांगू नकोस, वडिलांनाही नको. मी देवाची शपथ घेतली आणि पत्ता लिहिला. माझा ऊर भरून आला होता, एका मोठ्या माणसानं मला मोठं समजून काही सोपवलं म्हणून. तो पत्ता मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिला तेवढं पुरे.

भरलेले फॉर्म खोक्यात गेले. अण्णांना आता एकच टोचणी होती, मीरसाहेबांच्या कुटुंबाचे फॉर्म कोरे होते. मग बीजींच्या ट्रंकेतून एक जुनं पोस्टकार्ड निघालं. फाळणीनंतर वर्षा-दोन वर्षांनी मीरसाहेबांच्या बायकोनं लाहोरहून पाठवलेलं. मुनशीजींनी वाचून दाखवलं. धाकटं कलम जगलं का, आणि लोणच्याची बरणी कुणी खाल्ली असेल तर बरं, एवढंच त्यात होतं. बीजी रडल्या. अण्णांना मात्र कार्डाच्या कोपऱ्यात पत्ता दिसला. मोहल्ल्याचं नाव, गल्लीचं नाव. तिथे अजून कुणी असेल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मी परीक्षेच्या अभ्यासात होते. एका शनिवारी शाळेतून आले तर अण्णा खुशीत होते. म्हणाले, "टाकलं बाबा एकदाचं लाहोरला." मी विचारलं, काय टाकलं. तर म्हणाले, मीरसाहेबांच्या घरच्यांसाठी कोरे फॉर्म, इंग्रजीत टाइप करून. आणि त्यांना कसा भरायचा ते कळावं म्हणून नमुन्यादाखल एक भरलेला, तोही इंग्रजी करून. कुणाचा, मी विचारलं. "हरपालचा. सगळ्यात स्वच्छ भरलाय तू तो. एकही रकाना रिकामा नाही." टपाल कचेरीतला माणूस किती काळजीवाहू होता तेही त्यांनी सांगितलं. त्यानं पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं, आणि पाठवणाऱ्याचं नाव आणि घरचा पत्ता मागच्या बाजूला पुन्हा एकदा नीट लिहून घेतला. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत, असं अण्णा म्हणाले.

आईनं विचारलं, तोंड का असं केलंस. मी म्हटलं, भूक लागली. त्या दिवशी आईनं थालीपिठं लावली होती आणि मी चार खाल्ली. अण्णांना सांगावं तर बीजींची शपथ. बीजींना सांगावं तर त्या म्हणतील, तू लिहिलंस म्हणून. सतरा दिवस मी हे मनात घेऊन हिंडले. रोज दोनदा बीजींच्या अंगणातून जायची. रोज त्या विचारायच्या, "पेपर कैसा हुआ?" आणि मी म्हणायची, ठीक. एका शब्दानं मी सांगितलं असतं तर तराईत एक निरोप गेला असता, आणि वीरजी त्या शेतावरून उठून दुसरीकडे कुठे गेले असते. जग मोठं होतं. सतरा दिवस होते. मला शपथ मोडायची नव्हती असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं कारण शपथ नव्हती. मला माझ्यावर रागावलेल्या बीजी बघायच्या नव्हत्या, एवढंच. आज माझी लेक संगणकावर फॉर्म भरते तेव्हा काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते, तो भरल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. ती वैतागून काहीबाही टाकते आणि पुढे जाते. मला तिचा हेवा वाटतो.

सतराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास साध्या कपड्यातली माणसं आली. शेवटचा पेपर होऊन गेला होता, मी घरी होते. आई तांदूळ निवडत होती. दोघं वर आले, बाकीचे खाली बीजींकडे थांबले. त्यांच्यातल्या मोठ्यानं जोडे बाहेर काढले, आईनं पाणी दिलं ते घेतलं, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला. अण्णांच्या टाइपरायटरचा 'ई' अर्धाच उमटायचा. मी लांबूनच ओळखला. त्यानं विचारलं, "ये आपका है?" अण्णांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हाँजी, मेरा ही है. पोहोचलं नाही का?" शेवटचं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं, आईकडे बघून. त्यांना अजून वाटत होतं की टपाल परत आलंय. मग त्या माणसानं शांतपणे विचारलं की या लाहोरच्या माणसाशी तुमचा काय संबंध, आणि हा मुलगा या नावानं या गावी राहतो हे त्याला कळवण्याचं कारण काय. अण्णांनी कागद पुन्हा वाचला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो रकाना खरोखर वाचला असं मला वाटतं. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. "मैंने टाइप किया है," एवढंच म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही.

अण्णांना घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. सरकारी नोकर, परप्रांतातला, कुलवृत्तांताचं सगळं खोकं पोलिसांना दाखवलं तेव्हा ते हसले म्हणे. हा माणूस खुळा आहे, असं एकमेकांत म्हणाले. अण्णांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "खरंच बोलले." मग तिनं पानं घेतली आणि कुणीच जेवलं नाही. तराईहून बीजींचा भाऊ तिसऱ्या दिवशी आला. अण्णांना न्यायच्या दोन दिवस आधीच, शेतात पाणी लावत असताना भर दुपारी जीप आली होती. नंबर नसलेली. वीरजींनी मोटर बंद केली, चपला घातल्या आणि गेले. त्यांना कुठे नेलं हे विचारायला गेलेल्याला सगळीकडे एकच उत्तर मिळालं, की असा कुणी आमच्याकडे आणलेलाच नाही.

पुढचे तीन महिने अण्णा अर्ज टाइप करत होते. रजा काढून बीजींबरोबर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचे. बीजी वीरजींचा फोटो दुपट्ट्याच्या टोकात बांधून न्यायच्या. अण्णा प्रत्येक अर्जाची प्रत काढून क्रमानं लावून ठेवायचे. पोचपावती मिळायची, उत्तर मिळायचं नाही. एका ठिकाणी त्यांना सांगितलं की मुलगा सीमेपलीकडे गेला असेल, तुमचंच तिकडे टपाल जातं ना. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णांनी टाइपरायटरवर झाकण घातलं, आणि मी त्यांना पुन्हा तो उघडताना पाहिलं नाही. बीजी आमच्याशी बोलायच्या, जिन्यात दिसलं तर थांबायच्या. फक्त रविवारची बाज पडेनाशी झाली. मुनशीजी एकदा आले, फाटकाशी सायकल धरून उभे राहिले आणि परत गेले. त्या उन्हाळ्यात कैऱ्या आणायला कुणी गेलं नाही. बरणीतलं तेल खवट झालं तेव्हा बीजींनी ते मागच्या गल्लीत ओतलं. आईनं ते खिडकीतून पाहिलं आणि ती पडदा ओढून आत गेली.

अण्णांनी पुण्याला बदली मागून घेतली. पंधरा वर्षं ते आणखी जगले, निवृत्तीनंतर कुणी कुलवृत्तांताचा विषय काढला की उठून बाल्कनीत जायचे. त्यांच्याशी मी कधी त्या सतरा दिवसांबद्दल बोलले नाही. त्यांना वाटत होतं चूक त्यांची होती, आणि मी तसं वाटू दिलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सामान बांधून झालं होतं. बीजींनी मला खाली बोलावलं. अण्णांनी कोठीचे मूळ फॉर्म त्यांना देऊन टाकले होते, त्यातला वीरजींचा त्यांनी वेगळा काढून ठेवला होता. मराठी त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पढ़." मी हिंदीत सांगत वाचायला लागले. नाव. जन्म अंबांवाल्या कोठीत. शिक्षण, व्यवसाय, विवाह नाही, अपत्ये नाहीत. पत्त्याशी आले आणि थांबले. बाहेर सामानाचा ट्रक मागे घेत होते, आई वरून कुणाला तरी सांभाळून म्हणत होती. बीजींनी पुन्हा सांगितलं, "पढ़." मी तो पत्ता वाचला. गाव, शेत, दुसरं नाव.

"ए मैं तैनूं दस्या सी," बीजी म्हणाल्या. हे मी तुला सांगितलं होतं. "होर किसे नूं नहीं." आणखी कुणालाच नाही.

मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. सतरा दिवस, थालीपिठं, सगळं. मी मान खाली घालून बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला ढकललंही नाही. त्या म्हणाल्या, "खाली छड्ड दिंदी, पुत्त." रिकामा सोडला असतास, पोरी. मग कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "अग्गे पढ़." पुढे वाच.

पुढे 'विशेष माहिती' होती, तिथे मी 'गणित उत्तम शिकवतात' असं लिहिलं होतं, ते वाचलं. त्याच्याखाली शेवटचा रकाना होता, 'असल्यास'वाला. तो कोरा होता, कारण भरला तेव्हा तिथे भरण्यासारखं काही नव्हतं. बीजींनी बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि विचारलं, "एत्थे की पुच्छदे ने?" इथे काय विचारलंय. मी म्हटलं, काही नाही, बीजी, ही जागा अशीच असते. त्यांनी कागदाची घडी घालून ट्रंकेत ठेवली.